अवंती सबनीस यांची स्वनाम चाचणी

चाळीस नावं ऐकायची, एवढंच काम होतं.

"आपणास काहीही करावयाचे नाही," टेबलावरच्या दुभाषी यंत्रातून पुस्तकी मराठी आलं. "केवळ शांत बसावे."

सरकारी खुर्चीतल्या माणसाने 'शांत बसा' म्हटलं की ज्यांची हमखास चुळबुळ सुरू होते, अशांपैकी सबनीसकाकू होत्या. वय चौसष्ट. माहेर मिरज, संसार कराडला, आणि गेले पाच महिने मुक्काम नॉर्डहावन नावाच्या या उत्तरेकडच्या बंदराच्या गावी, लेकीकडे. पाहुणी म्हणून मिळालेली मुदत संपत आली होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, कराडच्या घरात आता दिवा लावायलाही कोणी नव्हतं. इकडे लेक सानिका सात महिन्यांची गरोदर, चार वर्षांची ईरा घरभर धुडगूस घालणारी, आणि जावई निनाद समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरीला, म्हणजे महिन्यातले वीस दिवस पाण्यावर. 'पालक' या वर्गात कायम राहण्याचा परवाना मिळाला की काकू इथेच राहणार होत्या. सगळे कागद झाले होते, ही एक चाचणी तेवढी बाकी होती.

डोक्यावर मऊ टोपी होती आणि तिच्या आतली वीस-बावीस थंडगार बटणं टाळूला टेकली होती. कानात आवाज सुरू झाला. बाईचा होता पण माणसाचा नव्हता, सगळी नावं एकाच सुरात घेत होता. मंगल. शोभा. अवंती. अलका. सुरेखा. रंजना. छाया. मग पुन्हा तीच नावं उलटसुलट.

काकू शांत बसल्या होत्या. निदान त्यांची तशी समजूत होती.

टोपी निघाल्यावर इंग्रिड नावाची ती अधिकारी बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग ती बोलली, आणि यंत्राने विचारलं, "अवंती अविनाश सबनीस कोण आहेत?"

"मीच की," काकू म्हणाल्या.

"आपला मेंदू तसे सांगत नाही. अवंती या नावास प्रतिसाद शून्य आहे." इंग्रिडने पडदा वळवला. चाळीस रेघा होत्या, एकोणचाळीस आडव्या पडलेल्या आणि एक ताडकन उभी राहिलेली. "रंजना कोण आहे?"

रंजना हे काकूंचं माहेरचं नाव. परवान्याच्या अर्जात एक प्रश्न होता, 'यापूर्वी आपण अन्य नावाने ओळखले जात होता काय?' निनादने तो वाचून दाखवला होता आणि काकूंनी भाजी निवडता निवडता 'नाही' सांगितलं होतं. त्यात लबाडी नव्हती. लग्नात मुलीचं नाव बदलतं, त्याला अन्य नाव कोण म्हणतं? अन्य नावं चोरांना असतात. पण आता, त्या उभ्या रेघेसमोर, आपण सरकारी कागदावर खोटं लिहून दिलंय हे काकूंना लख्ख कळलं, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच त्यांनी केलं.

"रंजना... कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही."

"नोंद घेतली," यंत्र म्हणालं.

या चाचणीमागचं शास्त्र तसं जुनं. कानावर आलेल्या शब्दाचा आपल्याशी संबंध असला, की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक लाट उठते. भर बाजारात, दोनशे माणसांच्या गलक्यात आपलं नाव कोणी घेतलं तर आपण वळतो ते तिच्यामुळेच. स्वतःच्या नावाला ती सगळ्यांत उंच उठते, झोपेत उठते, कधीकधी बेशुद्धीतही. ती दाबून ठेवणं कठीण, कारण आपल्याला ऐकू आलं हे आपल्याला समजायच्या आत ती येऊन गेलेली असते.

चेहरे, बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळ्याच्या हुबेहूब नकला बाजारात मिळायला लागल्या तेव्हा या देशाने ही लाट कायद्यात आणली. अर्जदाराच्या मुलखातली आणि पिढीतली एकोणचाळीस नावं घ्यायची, त्यात पासपोर्टावरचं नाव मिसळायचं आणि मेंदू कुठल्या नावाला ओ देतो ते बघायचं. माणूस खोटं बोट आणेल, खोटा मेंदू कुठून आणणार? युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो ज्यांनी केला त्यांच्याकडे नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सानिका आईला घेऊन वकिलीणबाईंकडे गेली. नजमा तडवी मूळच्या यावलच्या. वीस वर्षं इथे परवान्यांचीच कामं करत होत्या, आणि समोरच्याला धीर देण्यासाठी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"काकू, नाव बदलल्याचं गॅझेट केलं होतं?"

"नाही हो. सासऱ्यांनी रेशनकार्डावर अवंती घातलं. मग सगळीकडे तेच लागत गेलं. लग्नाचा दाखलासुद्धा मागाहून पासपोर्टासाठी काढला, तो अवंतीच्याच नावाने."

"दहावीचं सर्टिफिकेट?"

"त्यावर रंजना माधव पारखी."

"आणि या दोघी एकच आहेत असं सांगणारा एखादा कागद?"

काकूंनी मान हलवली. बेचाळीस वर्षांत तो कोणी मागितलाच नव्हता. अर्धं मिरज लग्नाला जेवून गेलं होतं, कागदाची गरज कुणाला वाटणार?

"पहिल्याच दिवशी 'हो' म्हणाला असतात तर एका प्रतिज्ञापत्रावर भागलं असतं," नजमाबाई म्हणाल्या. "आता अर्जात 'नाही' आणि तोंडीही 'नाही'. इथून पुढे 'हो' म्हटलंत तर खोटी माहिती दिली म्हणून दहा वर्षं प्रवेशबंदी."

"म्हणजे आईला परत जावं लागेल." सानिका म्हणाली.

"तेवढ्यावर थांबलं तर नशीब. सानिका, तुझ्या स्वतःच्या फाइलीत आईचं नाव अवंती सबनीस आहे. ही बाई अवंती नाहीच असं ठरलं, तर तुझी आई कोण इथपासून ते सुरुवात करतील. तुझा परवाना, मग ईराचा, सगळं नव्याने उघडतील. असं झालेलं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही कुटुंबं आता इथे नाहीत."

सानिकाने दोन्ही हात पोटावर ठेवले. काकूंना वाटलं, आपण आत्ता या खुर्चीतच मेलो तर बरं होईल, निदान पोरीची फाइल तरी मिटेल. त्या तसं बोलल्याही. मग मायलेकी दोघी रडल्या आणि नजमाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

फेरचाचणी एकवीस दिवसांनी होती. अवंतीची रेघ उभी राहायला हवी होती आणि रंजनाची इतर नावांसारखी आडवी पडायला हवी होती.

"ते कसं करायचं हे मला विचारू नका, मी वकील आहे," दारापर्यंत सोडायला आलेल्या नजमाबाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आपलं शास्त्र म्हणून सांगते. एकच आवाज हजारदा ऐकला की मेंदूला त्याचा कंटाळा येतो. आणि ज्याची भीती बसते ते तो कधी सोडत नाही. हा सल्ला नाही बरं का."

*

काकूंना आयुष्यात 'अवंती' म्हणून हाक मारलेली कोणालाच आठवेना. हे नाव नणंदेने काढलं होतं, अविनाशला अवंती शोभतं म्हणून. त्यानंतर सासूबाई 'सूनबाई' म्हणत, दीर 'वहिनी', आळी 'सबनीसकाकू', आणि अविनाशराव तर शेवटच्या दिवशी दवाखान्यातसुद्धा 'अगं' म्हणाले होते. अवंती होती ती गॅसच्या पुस्तकावर, मतदारयादीत आणि बँकेत. तिथेही पुकारा झाला की शेजारची बाई कोपर मारायची, "अहो, तुम्हालाच बोलावतायत."

सानिकाने ध्यानधारणा शिकवणाऱ्या एका संस्थेकडून डोक्याला बांधायची पट्टी आणली. तिच्यातून लाट फोनवर दिसायची. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत काकूंच्या कानात यंत्राच्या आवाजात 'रंजना, रंजना' चालू. कपड्यांच्या घड्या घालताना रंजना, पोळ्या लाटताना रंजना. तिसऱ्या दिवशी ते नाव ऐकून मळमळायला लागलं. सहाव्या दिवशी मळमळ थांबली. आठव्या दिवशी लाट बुटकी झाली, आणि नळ गळत असावा तसं ते नाव कानाशी नुसतं पडत राहिलं.

अवंतीचं मात्र काही केल्या जमेना. सानिका समोर बसून 'अवंती, अवंती' म्हणायची, काकू 'हो, हो' म्हणायच्या, आणि फोनवरची रेघ तशीच आडवी.

"आई, जरा मनापासून ऐक ना गं!"

"अगं, मनापासूनच ऐकतेय. तू म्हणतेस आणि मला वाटतं बँकेतून कोणी आलंय."

नवव्या दिवशी सकाळी काकू डोक्याला पट्टी बांधून, कानात 'रंजना' घेऊन कणीक मळत होत्या. मागे ईराने स्टूल ओढत शेगडीपाशी नेलं आणि उकळत्या पाण्याच्या किटलीकडे हात लांबवला. सानिका न्हाणीघराच्या दारात होती. तिने ते पाहिलं आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली. नऊ दिवसांच्या सवयीने तोंडातून 'आई' आलंच नाही.

"अवंती!"

काकू गर्रकन वळल्या. त्यांचा धक्का लागून स्टूल आडवं झालं, ईरा एकीकडे आणि किटली दुसरीकडे पडली. भाजलं कोणालाच नाही. पण सानिका धावत आली आणि तिने आईचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. "लक्ष कुठे असतं तुझं? पोरगी मेली असती माझी! समजतंय का तुला, अवंती?"

सानिका या आवाजात आईशी कधी बोलली नव्हती. काकू ओल्या फरशीवरच बसल्या. ईरा भोकाड पसरून रडत होती. ओट्यावरचा फोन सानिकाने नकळत हातात घेतला आणि ती बघतच राहिली. दोन हाकांच्या दोन रेघा होत्या. दोन्ही पडद्याच्या वर जाऊन भिडलेल्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "सापडलं."

काय सापडलं ते काकूंना लगेच कळलं. नजमाबाई भीतीबद्दल बोलल्या होत्या.

तेव्हापासून घर बदललं. काकू देवाला फूल वाहत असल्या की मागून स्टीलचं ताट आपटायचं आणि त्या आवाजातच नाव यायचं. आंघोळीला गेल्या की दारावर थाप आणि नाव. डोळा लागला की कानाशी किंकाळी आणि नाव. प्रत्येक वेळी सानिका ओरडायची आणि मग भिंतीला डोकं टेकून रडायची. एकदा ती म्हणाली, "बास झालं, मला नाही जमत. माझ्या हातून आणखी काहीतरी पाप घडेल."

"थांबू नकोस," काकू म्हणाल्या. "तू थांबलीस तर मी मधल्यामध्ये राहीन. ना ही, ना ती."

ईराला हा खेळच वाटला. 'अवंती!' असं ओरडून ती टाळ्या वाजवायची, आणि आजी दचकून भिंतीला पाठ लावून उभी राहिली की खिदळायची. काकू नातीला लांबून बघू लागल्या. चार वर्षांच्या पोरीची आपल्याला भीती वाटते हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

*

एक माणूस उरला होता. मिरजेचा दादा.

विश्वनाथ पारखी, निवृत्त मुख्याध्यापक, वय एकाहत्तर. दर रविवारी मिरजेत सकाळचे अकरा वाजले की त्याचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. त्या रविवारीही आलंच.

"काय रंजू, उठलीस का? तुमच्याकडे उजाडलं की नाही?"

डोक्यावरची पट्टी काढायची राहिली होती. समोरच्या फोनवर लाट उसळली. यंत्राच्या आवाजाला जी मेली होती ती दादाच्या आवाजाला टुणटुणीत जिवंत होती. सानिकाने आईकडे पाहिलं आणि आईने मान खाली घातली.

"दादा, एक सांगू? मला आता रंजू म्हणू नकोस."

दादा हसला. "मग काय बाईसाहेब म्हणू?"

"अवंती म्हण."

"ते तुझ्या सासरचं नाव. मला नाही गं ते तोंडात बसत."

काकूंनी सगळं सांगितलं.

"चाळीस वर्षं हजेरीपट भरला," दादा म्हणाला. "समोर बसलेल्या पोराची गैरहजेरी मी कधी मांडली नाही. आणि आता सख्ख्या बहिणीला..."

"दादा, माझ्यासाठी नाही रे. सानिकासाठी म्हणतेय."

"बरं," तो म्हणाला. नंतर 'ठेवतो' असं दोनदा म्हणाला, पण नाव कुठलंच घेतलं नाही. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. काकूंनी फोनजवळ बसून राहायचं टाळलं आणि कानातल्या यंत्राचा आवाज आणखी मोठा केला. दादाचे जुने निरोप सानिकाने शोधून काढले होते. आता त्याच्याच आवाजात 'रंजू, रंजना' दिवसभर वाजू लागलं. विसाव्या दिवशी तेही सपाट झालं. काकूंना रडू येईल असं सानिकाला वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं, "भात लावू का?"

*

एकविसाव्या दिवशी सकाळी पुन्हा तीच खोली, तीच इंग्रिड आणि तीच थंडगार बटणं. काकूंनी खुर्चीचे दांडे धरून ठेवले. मंगल. छाया. रंजना. शोभा. त्या वाट बघत होत्या, ताटाच्या आवाजाची, पाठीमागून येणाऱ्या पावलांची.

अवंती.

काकूंनी डोळे घट्ट मिटले. काही आपटलं नाही. तरी सगळं अंग आकसून आलं.

"छान," थोड्या वेळाने यंत्र म्हणालं. "स्वतःच्या नावास इतका ठळक प्रतिसाद मी क्वचितच पाहिला आहे." इंग्रिड पहिल्यांदाच हसली. काकूंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ती म्हणाली, "टोपी राहू द्यावी. एक बाब शिल्लक आहे. मायदेशातील जवळचे नातेवाईक म्हणून आपण बंधूंचे नाव दिले आहे."

समोरचा पडदा उजळला आणि दादा दिसला. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, वर्गात परीक्षा घ्यायला बसावं तसा ताठ. असा फोन येईल याची दादाला कल्पना नव्हती. त्यालाच कशाला, कोणालाच नव्हती. आणि 'खोटं बोल' असं दादाला सांगायची हिंमत काकूंना एकवीस दिवसांत झाली नव्हती.

"या कोण आहेत?" इंग्रिडने विचारलं.

"माझी धाकटी बहीण."

"नाव?"

दादाने चष्मा सारखा केला. काकूंना वाटलं, आता संपलं. सानिका बाहेर बाकावर बसली आहे, तिला काय सांगायचं?

"अवंती," दादा म्हणाला.

"मग रंजना कोण?"

दादा कॅमेऱ्याकडे बघत राहिला, की काकूंकडे, ते कळेना. चाळीस वर्षांचा हजेरीपट त्याच्या समोर उघडा पडलेला असणार.

"रंजना माझी बहीणच," तो म्हणाला. "होती."

"होती म्हणजे?"

"गेली. बरीच वर्षं झाली."

"कशाने?"

"तेव्हा कोणी विचारलं नाही," दादा म्हणाला, आणि त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

इंग्रिड काकूंकडे वळली. "आपण तर माहीत नाही म्हणाला होता."

"तिच्याबद्दल... बोलवत नाही मला," काकू म्हणाल्या. हे आपण कसं बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

इंग्रिडने पडद्यावर बोट ठेवलं. दादाने घेतलेल्या 'रंजना' या नावाखाली काकूंची रेघ सरळ चालली होती, कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही. तिने मान डोलावली. मागच्या वेळच्या लाटेचं तिच्यापुरतं उत्तर तिला मिळालं होतं.

"दिवंगत बहिणीच्या नावास प्रतिसाद येणे स्वाभाविक आहे," यंत्र म्हणालं. "आता तो नाही. दुःख ओसरले, याचा आनंद वाटतो. परवाना मंजूर. पुढील चाचणी दोन वर्षांनी."

बाहेर सानिकाने आईचा चेहरा बघितला आणि काही न विचारता तिच्या गळ्यात पडली. येणारे-जाणारे बघत होते, पण तिला पर्वा नव्हती. काकूंच्या हातात ते कडक, नवं कोरं कार्ड होतं. त्यांच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. दादाचाच होता.

"रंजू," तो हमसाहमशी रडत होता. "रंजू, मला माफ कर गं. जितीजागती तू समोर बसलेली आणि मी तुला मारून टाकलं. ऐकतेस ना? बोल ना गं रंजू."

काकू फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पलीकडे एक म्हातारा माणूस कुणाला तरी हाका मारत होता, आणि ती बाई त्याला उत्तर का देत नाही म्हणून काकूंना त्याची कणव येत होती. त्या तिची वाट बघत थांबल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं की फोन आपल्याच हातात आहे. मग त्या इतक्या घाबरल्या, की दादाला ओ द्यायला त्यांच्या तोंडून आवाज फुटेना.